पैऱ्यातलं घर

"मॅडम, आता गावाकडं कवा जाणार?" हा प्रश्न मला जोयड्याच्या बसमध्ये, रामनगरच्या बाजारात, बँकेच्या रांगेत, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरनं तोंडात हत्यार घातलेलं असताना विचारलेला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. माझा चेहरा बघून त्यांना वाटतं, ही बाई लांबून आलीय, म्हणजे कधीतरी परत जाणारच. मी चीनमधून आले हे खरं. आता एका विद्यापीठात गणिताची प्राध्यापक आहे, हेही खरं. पण माझं गाव म्हणाल तर ते रामनगरहून जंगलात शिरलं की लागणारं, पंधराएक उंबऱ्यांची वाडी असलेलं, कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातलं. "गावाकडंच चाललोय की," असं मी ठसक्यात सांगते. राग माझ्या नाकावर असतो, तो लपवायचा कंटाळा येतो.

माझा जन्म दक्षिण चीनमधल्या डोंगराळ खेड्यातला. तिथेही भातच, उतारावरची लहान लहान खाचरं. शाळेत गणित बरं होतं म्हणून पुढे गेले, शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुण्याला आले. सुरुवातीला इंग्रजी अर्धं कळायचं, मराठी अजिबात नाही, पण फळ्यावरचं गणित सगळं कळायचं. शेजारच्या बाकावर एक शांत मुलगा बसायचा. तो मला बसचे नंबर सांगायचा आणि मी त्याला उदाहरणं सोडवून द्यायचे. त्या देवघेवीतून पुढे लग्न झालं. त्याचे वडील नव्हते, आई एकटी शेत सांभाळत होती. त्यानं गावाजवळच्या हायस्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी धरली आणि मी त्याच्याबरोबर या जंगलात आले.

सासूला इकडे आत्ती म्हणतात. आत्तीनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अंगणात सुपारी सोलत होती. मी घाबरून गेले होते, पुण्यात पाठ केलेली दोन वाक्यं विसरले होते. तिनं मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस काय?" चीनमध्ये आमच्याकडेही माणूस भेटलं की पहिल्यांदा हेच विचारतात. मला एकदम हायसं वाटलं. माझी मराठी तिच्याच हाताखाली झाली, आणि इकडच्या बायकाही 'मी आलो, मी येतो' असंच म्हणतात, त्यामुळे विद्यापीठात पुण्याकडचं कुणी भेटलं की माझं बोलणं ऐकून त्याला हसू आवरत नाही.

वाडीनं मला फार मानानं वागवलं. इतक्या मानानं की अंगावर यायचं. मी अंगणात आले की खुर्ची यायची. रामनगरचा दुकानदार बॅटरीच्या खोक्यावरची चिनी अक्षरं वाचायला मला थांबवायचा. कुणी फवारणीचा पंप आणला की त्यावरची सूचना वाचून घ्यायला माझ्याकडे यायचा, आणि मी वाचून दाखवलं की म्हणायचा, "व्हय, मला तसंच वाटलं हुतं." करोनाच्या साथीत मात्र बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. ते मला फार लागलं. आत्तीला कळलं तेव्हा ती काहीएक काम नसताना माझ्याबरोबर जोयड्यापर्यंत आली आणि सगळा प्रवास माझा हात धरून, मोठमोठ्यानं बोलत बसली.

नोकरीचं म्हणाल तर मी वर्षानुवर्षं तात्पुरतीच होते. आधी एका कॉलेजात तासावर शिकवायचे, मग विद्यापीठात. दर वर्षी नव्यानं नेमणूक, दर उन्हाळ्यात धाकधूक. मधल्या काळात पीएचडी केली, नागरिकत्व मिळवलं. आठवड्यातले चार दिवस विद्यापीठाच्या गावात एका खोलीत राहायचं आणि उरलेले वाडीत, असा माझा क्रम पडला. दोन बस आणि शेवटी जीप. त्यात जीव मेटाकुटीला यायचा, पण शिकवणं मला आवडायचं आणि घर सोडायचं नव्हतं.

आता पैऱ्याचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे भाताची लावण पैऱ्यानं होते. आज तुमच्या खाचरात प्रत्येक घरचं एक माणूस येतं, उद्या तुमच्या घरचं माणूस त्यांच्या खाचरात जातं. पैशाचा संबंध नाही. ज्याची लावण त्याच्या घरचं जेवण, आणि दिवसाच्या बदल्यात दिवस. कोण कुणाकडे जायचं राहिलंय हे कुणी लिहून ठेवत नाही, सगळ्यांना पाठ असतं. हे असं दर पावसाळ्यात फिरत राहतं, त्याला शेवट नसतो. आमच्या घरचं माणूस म्हणजे माझा नवरा. तो शाळेतून रजा काढून जायचा. मी सुट्टी असली तर आत्तीला स्वयंपाकात मदत करायचे, आणि चिखलात पाय घातला तर लगेच चार जण ओरडायचे, "अवो मॅडम, तुमी कशापाय?"

नवरा एका फेब्रुवारीत, शाळेतून घरी येताना गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. त्या दिवसांबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. माझा भाऊ चीनमधून रोज फोन करायचा. तो आता एका मोठ्या शहरात बाराव्या मजल्यावर राहतो. "परत ये," म्हणायचा. आमच्या जन्मगावातली तरुण माणसं कारखान्यांत गेली, म्हातारी एकेक करून संपली, खाचरं गवतात गेली. लावायला हातच उरले नाहीत. परत ये म्हणजे कुठे, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. आणि आत्तीला सोडून जाण्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मी त्याला सांगितलं, मी इथेच राहणार. मला वाटलं होतं, एवढं सांगितलं की झालं.

त्या जुलैत वाडी न बोलावता आमच्या खाचरात उतरली. प्रत्येक घरचं माणूस होतं, काही घरची दोन दोन. पुढे अण्णा. हे माझ्या नवऱ्याचे लांबचे चुलते, वाडीत सगळ्यात थोरले, कुणाची लावण कधी ते हेच ठरवतात. दुपार कलायच्या आत सगळी लावण झाली. मी भरून आलेल्या डोळ्यांनी वाढत होते. मनात म्हणत होते, या सगळ्यांकडे मी जाईन, एकेका दिवसाची भरपाई करीन. पुढच्याच आठवड्यात अण्णांकडे लावण होती. मी साडी खोचून सकाळीच बांधावर हजर झाले.

"बसा मॅडम," अण्णा म्हणाले. कुणीतरी पोतं अंथरलं, चहा आला.

"मी लावायला आलोय. आमच्या घरचा पैरा."

"तुमचा पैरा बिरा काय न्हाई. आमी तसं धरल्यालंच न्हाई. तुमी निवांत बसा."

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. इतकं गोड बोलून मला बांधावर बसवत होते की भांडायलाही जागा नव्हती. घरी येऊन मी आत्तीला सांगितलं, किती चांगली माणसं आहेत, काही परत घ्यायलाच तयार नाहीत. आत्ती वांगी चिरत होती, तिचा हात थांबला.

"म्हंजे आपलं घर पैऱ्यातनं काडलं त्यांनी," ती म्हणाली.

मग तिनं मला समजावलं. आमच्याच तालुक्यातलं सुप्याचं धरण झालं तेव्हा नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. तिकडे तिचं माहेर होतं. ज्या घरांना उठून जायचं होतं त्यांची शेवटची लावण शेजाऱ्यांनी करून दिली आणि त्यांच्याकडून एकही दिवस परत घेतला नाही. जाणाऱ्या माणसाकडून पैरा घ्यायचा नाही, अशी रीत. तो कधी येऊन फेडणार? "तू जाणार म्हणून धरल्यात त्यांनी," आत्ती म्हणाली. "आन तू गेलीस की मी बी कुटं तरी लेकीकडं जाणार, आसं." तिची लेक म्हणजे माझी नणंद, बेळगावला असते. आत्तीचा आवाज शांत होता, पण वांग्याच्या फोडी नेहमीपेक्षा बारीक होत होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी माया समजत होते तो निरोप होता. आणि निरोप देणारी माणसं खरोखरच मायाळू होती, त्यामुळे राग काढायचा तरी कुणावर? विद्यापीठात मुलांना अनंत श्रेढी शिकवताना मध्येच गप्प झाले आणि मुलांना वाटलं मी उदाहरण विसरले.

पुढच्या वर्षी मी ठरवलं, फुकटची लावण घ्यायची नाही. जूनच्या शेवटी अण्णा आले. "काळजी करू नगा मॅडम, आमी हाय, लावून दिऊ," म्हणाले.

मी म्हणाले, "पैरा परत घेणार असाल तर या. न्हाईतर आमचं आमी लावतो."

वाडीनं पुढे केलेला हात आजवर कुणी असा झिडकारला नसेल. "आसं हाय व्हय," एवढंच म्हणून त्यांनी छत्री उघडली आणि गेले. आत्तीनं कपाळाला हात लावला. पण मला अडवलं नाही. मी जन्मानं भाताच्या खाचरातली आहे, चिखलाला भिणारी नाही, आणि एकदा घेतलं की सोडणारी नाही, हे तिला एव्हाना ठाऊक होतं.

चिखल करायला रामनगरकडून भाड्याचा ट्रॅक्टर आणला. आत्तीचे गुडघे गेलेले, ती पाटावर बसून तरवा उपटायची, म्हणजे वाफ्यात वाढवलेली रोपं, आणि त्यांच्या पेंढ्या बांधायची. मी लावायचे. सुट्टीच्या दिवशी पहाटे उतरायचे ते अंधार पडेपर्यंत. सोमवारी वर्गात फळ्याकडे हात वर करताना कंबर बोलायची. बांधावरून माणसं जायची आणि समोर बघून जायची. कुणी वाईट बोललं नाही, कुणी चांगलंही बोललं नाही. दुपारी आम्ही दोघीच भात आणि सुकटीची चटणी खायचो. पैऱ्याच्या दिवशी जेवताना केवढा गलका असायचा, ते आत्ती बोलून दाखवायची नाही, पण घास हातात धरून बसून राहायची. तेव्हा मला तिच्यासाठी फार वाईट वाटायचं.

एवढं करून सगळ्यात वरचं मोठं खाचर राहिलंच. तरवा जून झाला, लावण्यात अर्थ उरला नाही. कार्तिकात जे पिकलं त्यातलं निम्मं गव्यांनी खाल्लं. आत्ती म्हणाली, "आता खूळ सोड." मी म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर सुरू करायचं." आणि उन्हाळ्यात खरंच लागले. फुटलेले बांध घातले, दगड रचले, काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. मेच्या अखेरीस बी जास्त धरून तरवा टाकला, मोठ्या खाचरालाही पुरेल इतका. वाडीतले येता-जाता थांबून वाफ्याकडे बघायचे. काय बघतात, हे विचारायला मी जायचे नाही.

त्याच जुलैत विद्यापीठातून पत्र आलं. कायम जागेसाठी मुलाखत. इतकी वर्षं जिच्यासाठी थांबले ती एकच जागा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी ओटीवर बसून कागद लावत होते. पहाटेच्या जीपनं निघायचं होतं. तेवढ्यात अंगणात अण्णा येऊन उभे राहिले. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. मी खुर्ची आणायला उठले.

"खुर्ची ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उद्या आमची लावण हाय. तुमच्या घरचं एक माणूस पायजे."

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी मी दातओठ खात राबले ते वाक्य असं समोर उभं, आणि दिवस कुठला तर उद्याचा! हो म्हटलं तर नोकरी जाते. नाही म्हटलं तर पुन्हा कोण विचारणार? आत्ती आतून बाहेर आली होती, दार धरून उभी होती.

"उद्या न्हाई जमायचं, अण्णा," मी म्हणाले. "माजी मुलाखत हाय. परवा येतो."

"परवा?" अण्णांचा आवाज एकदम चढला. "परवा म्हंजे? तरवा उपटून ठेवलाय, त्यो काय तुजी वाट बगत बसंल व्हय? घरचं माणूस सांगाय आलं तर परवा म्हणतीस? आन अदुगर सांगाय काय झालं हुतं, तोंड न्हाई तुला? दोन सालं तोंड फुगवून बसलीस. ते वरचं खाचर पडीक टाकलंस, लाज वाटली न्हाई? तुज्या सासऱ्यानं ते खाचर फोडलंय हातानं!"

"पडीक टाकलं कारण तुमी पैरा घेत न्हवता!" मीही उठून उभी राहिले. "मी बांधावर येऊन चा पिऊन परत आलो, ते इसरलात काय?"

"तवा आमास्नी काय म्हाईत तू ऱ्हाणार हाईस ते! आता बांध घातलास, तरवा टाकलास, आता दिसालंय. मुलाखत काय रोज असती?"

"लावण रोज असती, अण्णा, अजून पंदरा दिस हाय! मुलाखत एकदाच हाय!"

"मी येतो उद्या," आत्ती दारातून म्हणाली.

"तुमी गप बसा, वैनी. अदुगर गुडगं बगा आपलं." अण्णा थोडा वेळ धुसफुसत उभे राहिले. मग खोळ सारखी करत म्हणाले, "उद्या खालची लावतो. परवा वरची दोन खाचरं. अंधार असताना यायचं. आठ वाजता येऊन जीप चुकली म्हणायचं न्हाई, सांगून ठेवतो." आणि बडबडतच गेले.

मी परत कागदांपाशी बसले. या वाडीत इतकी वर्षं झाली, मला कुणी कधी रागावलं नव्हतं. वाडीत सुनांना रागावतात, दिरांना रागावतात, बांध सरकवणाऱ्याला तर आठवडाभर रागावतात. मला मात्र खुर्ची मिळायची. आज माझ्या अंगणात उभं राहून माझ्यावर कुणी ओरडलं, आणि मी त्याच्यावर ओरडले, आणि आमचं ठरलं. मला इतका आनंद झाला की मुलाखतीचे कागद उलटसुलट लावले गेले आणि सकाळी जीपमध्ये पुन्हा लावावे लागले.

मुलाखतीत समोर पाच जण होते. पहिल्याच माणसानं, गणिताच्या आधी, तोच प्रश्न काढला. कायम जागा आहे, उद्या तुम्ही तुमच्या देशात परत गेलात तर आम्ही काय करायचं? एरवी मी चिडले असते. त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर तयार होतं.

"सर, उद्या पहाटे मला एका माणसाच्या खाचरात लावणीला जायचंय," मी म्हणाले. "उद्या मी गेले की तो माझ्याकडे येणार. तो आला की पुढच्या वर्षी मला जावं लागणार. मी गेले की पुन्हा तो येणार. यातून मी कधी बाहेर पडू शकते, ते तुम्हीच सांगा."

कडेला बसलेले एक वयस्कर प्राध्यापक हसले. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, किती एकर आहे? मी सांगितलं. गवे येतात का? येतात. त्यांनी मान हलवली आणि मग कुणीतरी अखेर गणिताकडे वळलं. तासभर त्यांनी मला पिळलं. तिथे मला भीती नव्हती, गणितात मी कुणाला हार जात नाही. जागा मला मिळाली, पण ते कळायला पुढे महिना गेला.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी अण्णांच्या खाचरात होते. बॅटरीच्या उजेडात चिखल चकाकत होता. कुणी पोतं अंथरलं नाही. मला बायकांच्या ओळीत मध्ये उभं केलं आणि कामाला लागले. मी जन्मगावच्या सवयीनं रोपं जरा खोल खोचते, त्यावरून अण्णांनी बांधावरून तीनदा आवाज दिला. शेजारची बाई म्हणाली, "मनावर घिऊ नको गं, त्यास्नी बोलल्याबिगर भात पचत न्हाई." दुपारी सगळ्यांबरोबर पानावर जेवले. मासा संपला तेव्हा माझी पाळी आली, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी ओढ्यावर पाय धुताना अण्णांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमची कवा लावायची?"

"आयतवारी."

"किती माणसं पायजेत?"

"सगळी," मी म्हणाले. "वरचं खाचर बी लावायचं हाय."

"येतो," ते म्हणाले.

घरी आले तेव्हा आत्ती पायरीवर बसून वाट बघत होती. मी सांगितलं, रविवारी आपली लावण, सगळी वाडी येणार, पैऱ्यानं. तिनं पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडली. मुलगा गेला तेव्हाही ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मी तिच्या शेजारी बसले, चिखलाचा हात तिच्या पाठीवर ठेवला. रडणं ओसरल्यावर तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "नोकरी लागली की तितल्या सायबास्नी पयलं सांग. जुलैत तुला सुट्टी लागती. दर साली."